तापलेला लॅपटॉप आणि चिमूटभर कुंकू

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात सर्वांत जास्त लाड कोणाचे झाले असतील, तर ते माझ्या लॅपटॉपचे. बाहेरच्या खोलीतला कूलर त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला, खिडक्यांचे पडदे त्याच्यासाठी ओढलेले, आणि आई मात्र भर वैशाखात वर्तमानपत्राची घडी हलवत दाराशी बसलेली. घरात येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता विचारायचा, "कसा आहे?" हा प्रश्न माझ्या किंवा बाबांच्या तब्येतीबद्दलचा नाही, हे कळायला मला दोन दिवस लागले. खालच्या मजल्यावर राहणारी माझी आत्या तर दिवसातून चार वेळा जिना चढून यायची, लॅपटॉपच्या पाठीवर तळहात टेकवायची आणि "अजून कसकस आहे गं" असं सांगून परत खाली जायची.

लॅपटॉप म्हणजे काय चीज होती ती! एका आर्किटेक्टच्या ऑफिसातून निघालेला, काळा, जाडजूड, मांडीवर घेतला तर पायाला मुंग्या येतील इतका वजनदार. आई त्याला पाटा म्हणायची. पण त्या पाट्यात एक गुण होता. त्याच्या पोटातलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्रं काढण्याचं काम करणारा भाग, चार स्क्रू काढून बदलता यायचं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सांगते तेव्हा ते माझ्याकडे चुलीवर स्वयंपाक केलेल्या बाईकडे बघावं तसं बघतात. कॉम्प्युटर उघडून त्यात बोटं घालता यायची, हेच त्यांना पटत नाही. आम्ही तर त्यात काय काय घातलं ते पुढे येईलच.

आमचं घर इंदूरला, लालबागच्या मागच्या बाजूला होतं. वर आम्ही तिघं, खाली आत्या. बाबा सांवेर रोडच्या एका पंपाच्या कारखान्यात फिटर होते आणि त्यांना एक सवय होती. ते कुठल्याही चालत्या वस्तूवर आधी हात ठेवायचे. मिक्सर, फ्रिज, शिवणयंत्र, पाहुण्यांची मोटारसायकल, काहीही. एकदा एका लग्नात जेवणाच्या पंगतीतून उठून ते जनरेटरवर हात ठेवून आले आणि आईला म्हणाले, "बेअरिंग जाणार आहे. गुलाबजाम लवकर घे." आणि खरोखरच मठ्ठ्याच्या वेळी दिवे गेले. बोलायचे मात्र फार कमी. घरात बोलायचं काम आई आणि आत्या यांनी वाटून घेतलं होतं आणि दोघींची मराठी अस्सल इंदुरी, म्हणजे अर्धं वाक्य आपलं आणि अर्धं शेजाऱ्यांच्या हिंदीतलं. पुण्याहून नातेवाईक आले की त्यांना हसू आवरायचं नाही. आई त्यांना पोह्यांवर मूठभर जास्त शेव घालून द्यायची आणि ते गप्प व्हायचे.

मी एकोणीस वर्षांची होते आणि मला हलती चित्रं करायचं वेड लागलं होतं. परगावी एक संस्था होती, तिथे अ‍ॅनिमेशन शिकवायचे. प्रवेशासाठी स्वतः केलेली दीड मिनिटाची फिल्म पाठवावी लागे आणि ती पोचवायची शेवटची वेळ होती रविवारी संध्याकाळी पाच. इकडे बाबांनी ओळखीतून भोपाळच्या कॉलेजात माझ्यासाठी फार्मसीची जागा धरून ठेवली होती आणि तिथे सोमवारी हजर व्हायचं होतं. बाबांनी चिडचिड केली नाही, भाषण दिलं नाही. एवढंच म्हणाले, "रविवारी गेली तर गेली. नाही गेली तर सोमवारी भोपाळ." मला औषधांची नावं वाचूनच झोप यायची. चार वर्षं गोळ्यांची नावं मला पाठ करायची नव्हती, पण हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण बाबांनी त्या जागेसाठी कोणाकोणाचे उंबरे झिजवले ते मला माहीत होतं.

फिल्म तयार होती. राजवाड्यासमोरून एक गोलमटोल काका स्कूटरवर जिलबीचा डबा घेऊन निघतात. रस्त्यात जो भेटतो तो "काकाजी!" म्हणून हाक मारतो, काका थांबतात, डबा पुढे करतात, आणि घरी पोचेपर्यंत डब्यात नुसता पाक उरतो. एवढीच गोष्ट. पण तयार म्हणजे माझ्या लॅपटॉपच्या पोटात तयार. ती बाहेर काढायची, एकेक चित्र रंगवून जोडायचं, त्याला रेंडर म्हणतात, आणि जुन्या कार्डाने हिशेब सांगितला की याला अकरा दिवस लागतील. माझ्याकडे पाच होते.

म्हणून मी गुड्डू भियांकडे, म्हणजे आमच्या बोलीतल्या भैयांकडे, गेले. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, बांगड्यांच्या दुकानावरच्या माळ्यावर त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस लाख होता. एका मेलेल्या मशीनमधून निघालेलं जोरदार कार्ड त्यांच्याकडे पडून होतं आणि त्यांना दुकानाची पाटी नव्याने रंगवून हवी होती. सौदा तिथल्या तिथे झाला. मी पाटीवर एक हसरा कॉम्प्युटर काढून दिला, त्यांनी कार्ड बसवून दिलं, वर गरम समोसा खाऊ घातला. घरी येऊन मी रेंडर लावलं तर काय सांगू! जे चित्र रंगवायला आधी सात मिनिटं लागायची, ते चार-पाच सेकंदांत. मी खोलीभर नाचले. आईला कमरेला धरून फिरवलं, तिच्या हातात झारा होता तो आत्याच्या पाठीला लागला. आणि बरोबर सात मिनिटांनी पंख्याने किंकाळी फोडली, पडदा काळा झाला आणि लॅपटॉप बंद पडला. खालून इतका तापला होता की त्यावर पोळी भाजली असती.

मग सुरू झाली सेवा. पहिल्या दिवशी कूलर वळवला. दुसऱ्या दिवशी आत्याच्या सल्ल्याने लॅपटॉप स्टीलच्या उपड्या ताटावर ठेवला, ताटाखाली बर्फाचा ट्रे. आई म्हणाली, "पाण्याने शॉर्ट होऊन जाईल, हटव तो," तेव्हा बर्फ गेला आणि त्याच्या जागी मातीच्या माठावरची ओली फडकी आली, ती बाबांनी कामावरून आल्यावर उचलून दांडीवर वाळत घातली. शेजारच्या काकूंनी कच्ची कैरी उकडून पन्हं पाठवलं. ते कोणासाठी आहे ते विचारायची माझी हिंमत झाली नाही, मी पिऊन टाकलं. मी तुकड्यातुकड्यांत रेंडर करून पाहिलं, वीस चित्रं करायची, थांबायचं, थंड होऊ द्यायचं. पण बंद पडायची वेळ दर खेपेला अलीकडे अलीकडे येत होती. सात मिनिटांची पाच झाली, पाचाची तीन. पडद्याच्या कोपऱ्यात तापमान दिसायचं. तो आकडा अठ्ठ्याण्णवच्या पुढे सरकला की मी वहीने त्याला वारा घालायला लागायचे.

मी तीन वेळा गुड्डू भियांकडे धाव घेतली. आता यातली खरी गंमत सांगते, कारण ती आमच्या गावाबाहेरच्या माणसाला पटकन समजायची नाही. आमच्याकडे कुठलीही गोष्ट कमी घालणं हा अपमान समजला जातो. पोह्यांवर शेव घालताना पोहे दिसले तर यजमानाने नीट घातली नाही असं मानतात. "बस, बस" म्हणणाऱ्याच्या ताटात आणखी एक पळी पडते. तर ग्राफिक्स कार्डाच्या मुख्य चिपवर तांब्याची एक पट्टी टेकलेली असते. ती चिपची उष्णता ओढून पंख्याकडे पोचवते. दोघांच्या मध्ये उष्णता पुढे पोचवणारी पांढरी पेस्ट लावतात आणि आजूबाजूच्या छोट्या चिपांवर रबरासारखे मऊ पॅड चिकटवतात. पहिल्या खेपेला गुड्डू भियांनी पेस्ट वाढवली. दुसऱ्या खेपेला पॅडवर पॅड चढवले. तिसऱ्या खेपेला छातीवर हात ठेवून म्हणाले, "दीदी, अपने यहां कंजूसी नी चलती. दो-दो पैड लगा दिए हैं, और पेस्ट तो समझो श्रीखंड. अब गरम हो जाए तो नाम बदल देना." आणि मी, इंदूरचीच पोर, कृतज्ञ डोळ्यांनी म्हणाले, "भिया, थोडी और लगा दो ना." त्यांनी लावली.

त्यानंतर लॅपटॉप दोन मिनिटांत बंद पडायला लागला.

रविवार उजाडला. सकाळी साडेआठला स्वयंपाकघरातून बडीशेपेच्या आणि मोहरीच्या फोडणीचा वास येत होता, चाळणीत पोहे भिजून फुलले होते, खाली आत्या तिच्या ट्रान्झिस्टरवर भजनं लावून त्यांच्यापेक्षा मोठ्याने गात होती, आणि मी लॅपटॉपसमोर मांडी घालून रडत होते. म्हणजे मोठ्याने नाही. नाकातून पाणी येत होतं आणि ते मी ओढणीने पुसत होते. आईने पोह्यांची बशी माझ्याजवळ ठेवली. तिने काल रात्रीच माझी बॅग काढून ठेवली होती, ती मी पाहिली होती.

बाबा आंघोळ करून, बनियनवर, हातात पोह्यांची बशी घेऊन आले आणि माझ्या मागे उभे राहिले. मी रेंडर लावलं. पंखा किंचाळायला लागला. बाबांनी बशी आईच्या हातात दिली, वाकले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच लॅपटॉपवर हात ठेवला. आधी मधोमध. मग कडेला, जिथून हवा बाहेर पडते त्या जाळीपाशी. तिथे त्यांनी हात बराच वेळ धरला. लॅपटॉप बंद पडला.

"बंद झाला," मी म्हणाले.

"हवा थंड येऊन राहिली आहे," बाबा म्हणाले.

"पंखा आहे ना, बाबा. हवा थंडच येणार."

"नाही. मशीन आत जळतंय आणि वारा थंड येतो. म्हणजे गरमी पंख्यापर्यंत पोचतच नाही. मध्येच कुठे तरी अटकली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आत काय आहे? खोल त्याला."

"बाबा, हा पंप नाहीये."

"ते गरमीला कुठं माहीत आहे?"

एवढं मोठं संभाषण आमच्यात कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. बाबांनी दारामागची कामाची पिशवी आणली, जमिनीवर स्वच्छ पांढरं धोतर पसरलं आणि त्यावर लॅपटॉप पालथा घातला. आधी बॅटरी काढायला लावली. प्रत्येक स्क्रू ज्या भोकातून निघाला त्या जागेप्रमाणे वर्तमानपत्रावर मांडला, एकही इकडचा तिकडे नाही. मी सांगत होते, हे कार्ड, ही तांब्याची पट्टी, ही मुख्य चिप, हे पॅड. ते ऐकत होते. पट्टी उचलली तेव्हा खाली पांढऱ्या पेस्टचा असा काही थर होता की आई वाकून म्हणाली, "अरे बाप रे, हा तर वाटीभर आहे." बाबांनी इंजेक्शनच्या स्पिरिटात कापूस बुडवून ते सगळं हळूहळू पुसून काढलं. पुसताना त्यांची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. मी त्यांना काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. सांवेर रोडवर ते करत होते ते हेच, आणि मी एकोणीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

मग ते मागे टेकून बसले आणि म्हणाले, "बैठक बघावी लागेल."

कारखान्यात दोन भाग एकमेकांवर नीट टेकतात की नाही ते बघायचं असलं, तर फिटर एका भागाला निळा रंग अगदी पातळ लावतात, दुसरा त्यावर दाबतात आणि उचलून बघतात. जिथे रंग लागला तिथे भाग टेकला. जिथे लागला नाही तिथे फट. त्याला ते ब्लू लावणं म्हणतात. पण रविवार होता, ती निळ्या रंगाची डबी कारखान्यात कुलुपात, आणि घड्याळात सव्वानऊ झाले होते. बाबांनी इकडे तिकडे पाहिलं. त्यांची नजर देव्हाऱ्यावर गेली.

"कुंकू दे जरा," ते आईला म्हणाले. "आणि खोबरेल तेल."

आई आधी त्यांच्याकडे, मग पालथ्या पडलेल्या लॅपटॉपकडे बघत राहिली. "अहो, पूजा करून राहिले का आता त्याची?"

"तू दे तर."

ही बातमी जिन्यावरून खाली कशी गेली कोण जाणे, पण ट्रान्झिस्टर बंद झाला आणि आत्या वर आली. बाबांनी वाटीत चिमूटभर कुंकू घेतलं, थेंबभर तेलात कालवलं, आणि करंगळीने तांब्याच्या पट्टीवर इतकं पातळ पसरलं की तांबं नुसतं लालसर झाल्यासारखं वाटलं. पट्टी कार्डावर बसवली, स्क्रू आवळले, पुन्हा काढले. आम्ही चौघांनी एकदम डोकी खाली घातली आणि ती एकमेकांवर आपटली.

आजूबाजूचे सगळे पॅड लाल झाले होते. चांगले ठसठशीत. आणि मधली मुख्य चिप, जी सगळ्यांत जास्त तापते, जिच्यासाठी हे तांबं, हा पंखा, हा कूलर, हे पन्हं, ती लख्ख कोरी होती.

"टच कुठंय?" बाबा म्हणाले. "हे दोन-दोन पॅड घालून पट्टी वर उचलली. मध्ये फट राहिली आणि फटीत भरलं श्रीखंड. जितकं जास्त घातलं तितकी फट वाढली."

मी हसायला लागले. मला थांबताच येईना. चार दिवस आम्ही सगळ्यांनी मिळून त्या बिचाऱ्याला प्रेमाने आणखी आणखी वाढलं होतं आणि तो गुदमरत होता. आत्याही हसायला लागली, मग आईही. बाबा हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या.

पुढचा पाऊण तास मी त्यांची मदतनीस होते. वरचे पॅड सोलून काढले. पुन्हा कुंकू, पुन्हा दाब. या वेळी चिपच्या एका कोपऱ्याला लाली लागली. "आता आवळायचं गलत आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांनी मला दाखवलं. एका बाजूचे दोन्ही स्क्रू आधी घट्ट करायचे नाहीत, समोरासमोरचे तिरपे घ्यायचे, अर्धा फेरा हा, अर्धा फेरा तो. पेचकस माझ्या हातात होता आणि त्यांचा हात माझ्या मनगटावर. तिसऱ्या वेळी पट्टी उचलली तर चिप काठापासून काठापर्यंत लाल. आत्याने हात जोडले. मग सगळं कुंकू स्पिरिटने पुसलं, दोनदा, तीनदा, कापूस पांढरा येईपर्यंत, आणि चिपवर पेस्ट ठेवायची वेळ आली. बाबांनी साबुदाण्याएवढा एक ठिपका ठेवला.

"एवढंसं?" आई कळवळली. "अहो, थोडं तर टाका. घरात आहे ना!"

"नाही," बाबा म्हणाले.

"नाही," मीही म्हणाले. आमच्या घराण्यात अन्नपदार्थ असो की पेस्ट, कमी घालावी असं कोणी पहिल्यांदाच ठरवलं होतं, आणि आईला ते संध्याकाळपर्यंत लागून राहिलं.

दहा वाजता रेंडर लावलं. पंखा सुरू झाला, पण किंचाळला नाही, नुसता घुमत राहिला. दोन मिनिटं गेली. सात गेली. बाबा जाळीपाशी हात धरून बसले होते. एकाएकी त्यांचा चेहरा उजळला. "आता येऊन राहिली! बघ, बघ, गरम हवा!" मी हात धरला. खरंच, भट्टीसारखी हवा येत होती, आणि वैशाखात गरम हवेने एवढा आनंद झालेलं दुसरं कुटुंब अख्ख्या माळव्यात नसेल. आत्याने पडद्याजवळ खुर्ची ओढली आणि चष्मा लावून आकडे वाचायला सुरुवात केली. "एकाहत्तर! त्र्याहत्तर! पुन्हा बहात्तर!" चौऱ्याहत्तरच्या वर तो गेला नाही. बाबांनी उठून कूलरचं तोंड आईकडे वळवलं. मी जेवले नाही, म्हणजे बसून जेवले नाही, आई पोळीची गुंडाळी करून करून माझ्या तोंडात घालत होती. आत्याने खाली जाऊन शिकरण करून आणलं आणि पुन्हा आकडे वाचायला बसली. मी उगीचच जिना उतरत होते, चढत होते, गॅलरीतून रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना बघून हसत होते. आज गुडघे कुरकुर करतात तेव्हा त्या जिन्याची आठवण येते.

एक वाजून दहा मिनिटांनी फिल्म पूर्ण झाली. मी सगळ्यांना बसवलं आणि लावली. दीड मिनिट. काका निघाले, हाका आल्या, जिलब्या गेल्या. आई पोट धरून हसली, आत्याने "हा तर आपला मोडक आहे!" म्हणून कुठल्याशा ओळखीच्या माणसाचं नाव घेतलं. बाबा हसले नाहीत. ते पुढे वाकून पाहत होते. संपल्यावर म्हणाले, "स्टँड खाली आहे."

"काय?"

"स्कूटरचा. हा माणूस दर वेळी थांबतो, साइड स्टँड लावतो, जिलबी देतो. ठीक आहे. निघताना वर कोण घेणार? तसाच चालला. वळणावर पडेल ना तो."

"अहो, कार्टून आहे ते," आई म्हणाली.

"कार्टून असला म्हणून काय झालं? हाड मोडेल."

मी पुन्हा लावून पाहिली. खरंच. पहिल्या थांब्यानंतर अख्ख्या फिल्मभर स्टँड खाली लोंबकळत होता. मी ती फिल्म हजार वेळा पाहिली असेल, मला दिसलं नव्हतं. आता एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेचना. फिल्म हातात होती, वेळेत होती, तशीच पाठवली असती तर बहुतेक कोणाला कळलंही नसतं. दुरुस्त करायची तर अर्ध्याहून जास्त चित्रं नव्याने काढावी लागणार होती, आणि त्यात लॅपटॉप एकदा जरी बंद पडला तर भोपाळ. मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते म्हणतील, जाऊ दे, पाठव.

"लाव परत," बाबा म्हणाले. "आता नाही तापत तो."

अर्ध्या तासात मी काकांचा पाय प्रत्येक ठिकाणी मागे नेला, त्यांच्याकडून स्टँडला टाचेने एक टोला मारवला आणि तो वर घेतला. बाबा शेजारी बसून स्वतःचा पाय हलवून दाखवत होते, असा नाही, असा, टाच आधी. पावणेदोनला रेंडर पुन्हा सुरू झालं. या वेळी आत्यानेही आकडे मोठ्याने वाचले नाहीत. चार वाजून पाच मिनिटांनी शेवटचं चित्र निघालं. मग फिल्म पाठवायची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायला लागली, आमच्या भागातलं इंटरनेट म्हणजे सगळा आनंदच. चाळीस टक्के. साठ. आईने देवापुढे दिवा लावला. पाचला चौदा मिनिटं कमी असताना पडद्यावर शब्द आले की फिल्म पोचली, धन्यवाद.

मी पाठीवर आडवी पडले, आणि फरशी इतकी गार होती की मला तिथेच झोपावंसं वाटलं. आई डोळे पुसत होती. मग ती सावरली आणि तिला व्यवहार आठवला.

"पण उद्याचं काय?" ती हळूच म्हणाली. "भोपाळला निघायचं ना? हिचा निकाल तर महिन्याने लागेल. तोवर जागा सोडायची कशी?"

मी उठून बसले. हे मी विसरलेच होते. फिल्म पोचली की झालं, असं मी धरून चालले होते, पण बाबांचं म्हणणं 'गेली तर गेली' एवढंच होतं, पुढचं मी माझ्या मनाने जोडलं होतं. बाबा वर्तमानपत्रावरचे उरलेले पॅड एका डबीत भरत होते. डबी बंद करून त्यांनी ती पिशवीत ठेवली, हात धुतले, फोन घेतला आणि गॅलरीत गेले. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"हां, नमस्कार साहेब. वो बच्ची की सीट थी ना, वो किसी और को दे दीजिए. नहीं नहीं, तबीयत ठीक है. उसका काम दूसरा है. हओ. हां जी, पक्का."

ते आत आले. आई म्हणाली, "अहो, निकाल तर लागू द्यायचा होता!"

"निकालाने काय होतं?" बाबा म्हणाले. "चांगलं काम करते ती. मी दिवसभर पाहून राहिलो."

मला त्यांच्या गळ्यात पडायचं होतं. आमच्याकडे तशी पद्धत नव्हती, म्हणून मी तिथेच फरशीवर बसून हसत आणि रडत राहिले. माझ्या आयुष्यात तेवढा आनंद मला पुन्हा झाला असेल, पण त्याहून जास्त झाल्याचं आठवत नाही. बाबा माझ्या शेजारी येऊन बसले, पाय लांब केले, आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढून त्यावर एकदा तळहात टेकवला.

"आता लाव बघू, सुरुवातीपासून," ते म्हणाले. "मगाशी मी सगळा वेळ स्टँडच बघत होतो."